जिवाणी कुठं सोडायची?

पाणी गाळून प्यायचं, हे आपल्या घरातली मुलगी चार अक्षरं शिकायच्या आधी शिकते. जाड दुपदरी फडकं, हंड्याच्या तोंडावर मध्ये थोडा खोलगा ठेवून बसवायचं, वरून सावकाश धार सोडायची. या नियमाचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा भाग मात्र हल्ली कुणी सांगताना दिसत नाही. पाणी गाळून झालं की फडक्याच्या आत जे राहतं, ती जिवाणी. गाळलेल्याच पाण्यानं फडकं हलकेच धुवायचं आणि ती जिवाणी परत पाण्यात सोडायची. कुठल्याही पाण्यात नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. आणि वरून धबकन ओतायचीही नाही. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असायची. ती पाण्याला टेकली की दोर असा ओढायचा, की बादली तिथंच अलगद उपडी होईल.

नदीची जिवाणी विहिरीत सोडायला जुन्या बायका नको म्हणायच्या. का, तर एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाहीत, आणि दुसऱ्या पाण्यातल्या जिवांनाही ते घातक होतात.

आता हुबळी-धारवाडात विहिरी राहिल्यात किती? नळाला येतं ते मलप्रभेचं पाणी, सौंदत्तीजवळच्या रेणुकासागरातलं. ते येईल तेव्हा भरून ठेवायचं. जिवाणी घेऊन सौंदत्तीला कोण जाणार? बेसिनमध्ये फडकं पिळलं की झालं. पहिला भाग आरोग्याच्या नावानं टिकला, त्याला मशीनही मिळालं. दुसरा भाग विहिरीबरोबर बुजला.

मला मात्र वाटतं, की विचार करायला लावणारी गोष्ट त्या दुसऱ्या भागातच होती. मारू नका, हे सगळेच धर्म कमीअधिक सांगतात. पण तुमच्या हातून एकीकडचा जीव दुसरीकडे जाऊ देऊ नका, त्याची जागा त्याला परत द्या, ही अहिंसेची फार सूक्ष्म समज आहे. यात मारण्याचा हेतू कुठंच नाही. चाकू नाही, राग नाही. नुसतं नेणं-आणणं आहे. त्यातही हिंसा असू शकते, हे आपल्या आज्ज्यांना पक्कं माहीत होतं.

आज हा नियम जगात सगळ्यांत काटेकोरपणे कुठं पाळतात, हे ऐकून नवल वाटेल. जिथं बस्ती नाही, विहीर नाही, मुळात कायमची वस्तीच नाही, त्या दक्षिण ध्रुवाकडे. तिथल्या पेंग्विन, समुद्रपक्षी आणि सील यांच्या पोटात सापडलेल्या रोगजंतूंची हकिकत आधी सांगते. तिच्यातून आपल्या घरचे दोन-तीन अवघड प्रश्न निघतात.

अंटार्क्टिका आपल्याला वाटतो तितका परका नाही. हुबळीहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत गाडी वास्कोला जाते. त्याच वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरूनच निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये बर्फावर उतरली. पुढं ‘दक्षिण गंगोत्री’ उभी राहिली, १९८९ मध्ये ‘मैत्री’, २०१२ मध्ये ‘भारती’. म्हणजे तिथं जी पावलं पडतात, त्यांत आपलीही आहेत.

बराच काळ समज असा होता, की इतक्या थंडीत, इतक्या दूर, रोगराई कसली? मग तपासण्या सुरू झाल्या. दक्षिण जॉर्जियाजवळ बर्ड आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या मॅकरोनी पेंग्विनच्या पिल्लांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. हा जीवाणू माणसाला हगवण लावतो आणि जगभर कोंबड्यांच्या पोटात राहतो. त्याच भागातल्या पेंग्विनमध्ये, अल्बाट्रॉसमध्ये आणि सीलमध्ये साल्मोनेलाही सापडला. शिळ्या जेवणातून, अंड्यांतून पोट बिघडवणारा तो हाच. पुढं दक्षिण महासागरातल्या चार ठिकाणच्या २४ जातींच्या पक्ष्यांची तपासणी झाली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातली एक गोष्ट वाचून मी थबकले. काही पक्ष्यांतल्या कॅम्पिलोबॅक्टरवर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधं चालेनाशी झाली होती. पहिलं औषध आपल्या घरच्या डब्यात असतं. दुसरं गुराढोरांना, कोंबड्यांना देतात. बर्फावरच्या पक्ष्याला ही गोळी कुणी दिली? कुणीच नाही. औषधाला सरावलेला जंतूच कुठल्यातरी वाटेनं त्याच्यापर्यंत पोचला. माणसांच्या जगातूनच पोचला असणार, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळेच जंतू माणसानं नेले असं नाही. आर्क्टिक टर्न हा छोटा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि परत येतो. त्याच्याबरोबरही जंतू जात असणार. स्कुआ नावाचा हिसकावून खाणारा समुद्रपक्षी दूरदूर उडतो आणि माणसांच्या तळाजवळच्या उकिरड्यावरही येतो. कुठला जंतू कुणाबरोबर आला, हे प्रत्येक वेळी छातीठोक सांगता येत नाही. पण टर्नची वाट हजारो वर्षांची आहे. तिच्यात त्याचा प्रमाद नाही. माणूस जहाज घेऊन जातो तेव्हा ‘जाऊ की नको, गेलो तर कसा जाऊ’ असं ठरवू शकतो. ठरवता येतं म्हणूनच त्याला जबाबदारी येते.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द घातला आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, बेसावधपणे वागून कुणाचा प्राण जाईल असं करणं ती हिंसा. म्हणूनच साधूंना पाच समिती सांगितल्या. पावलापुढची जमीन बघून चालायचं, ती ईर्या. वस्तू उचलताना-ठेवताना बघायचं, ती आदाननिक्षेपण. मलमूत्र, घाण कुठं टाकायची याचा विचार, ती उत्सर्ग. खाण्यात सावध राहायचं, ती एषणा. आणि बोलण्याची, ती भाषा समिती.

आता अंटार्क्टिकाचे नियम बघा. १९५९ साली बारा देशांनी करार केला, भारत त्यात १९८३ साली सामील झाला. पर्यावरण रक्षणाचा माद्रिद करार १९९१ साली झाला आणि १९९८ पासून लागू झाला. त्यानुसार जिवंत कोंबड्या तिथं न्यायच्या नाहीत. कुणी कोंबडीचं मांस नेलं तर ते आधी रोगासाठी तपासायचं, आणि उरलेलं तिथं टाकायचं नाही. स्लेज ओढणारी कुत्री १९९४ पर्यंत सगळी परत आणली, कारण त्यांचे रोग सीलना लागायची भीती होती. बाहेरची माती न्यायची नाही. आपल्या संसदेनं २०२२ साली केलेल्या अंटार्क्टिक कायद्यातही ही मातीची बंदी आहे. किनाऱ्यावर उतरताना बूट घासून जंतुनाशकात बुडवायचे, परत जहाजावर चढताना पुन्हा बुडवायचे. कपड्यांचे खिसे, चिकटपट्ट्या उतरायच्या आधीच साफ करायच्या. पक्ष्यापासून निदान पाच मीटर लांब राहायचं, त्याला खायला घालायचं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथं बर्ड फ्लू पोचला. तो जीवाणू नव्हे, विषाणू. पण तेव्हापासून सहलीच्या लोकांना बर्फावर बसू देत नाहीत, गुडघा टेकू देत नाहीत, पिशवीही खाली ठेवू देत नाहीत.

हे वाचताना मला पिंछी आठवली. महाराज बसायच्या आधी पिंछीनं जागा झाडतात. कमंडलू ठेवायच्या आधी झाडतात. बूट बुडवणं ही ईर्या, पिशवी जपणं ही आदाननिक्षेपण. उत्सर्गाचं उदाहरणही आहे. अमेरिकेचा मॅकमर्डो हा तिथला सगळ्यांत मोठा तळ. २००३ साली सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र सुरू होईपर्यंत त्याचं मैलापाणी समुद्रात जात होतं, आणि त्याच समुद्रात सील पोहत होते. शिकलेसवरलेले लोक, विज्ञानासाठी गेलेले. त्यांच्या मनात सीलबद्दल रागाचा कणही नसेल. तरी उत्सर्ग समिती पाळली गेली नाही.

आता पहिला अवघड प्रश्न. बूट जंतुनाशकात बुडवले की त्यावरचे कोट्यवधी जीवाणू मरतात. पेंग्विन वाचवायचा म्हणून त्यांना मारायचं, ही अहिंसा कशी? हा प्रश्न मुलं घरातही विचारतात. ‘आज्जी, फरशीला फिनेल लावते ती हिंसा का?’ मुलगी हसत हसत विचारते आणि आपण ‘जा गं, अभ्यास कर’ म्हणतो.

यावर आपल्यात एक ठरलेलं उत्तर असतं: ‘बघा, विज्ञानानं काल शोधलेले जंतू आपल्या शास्त्रात निगोद म्हणून हजारो वर्षांपूर्वीच सांगितले होते.’ मला हे उत्तर पटत नाही. निगोद ही कल्पना फार मोठी आहे. अनंत जीव एकाच शरीरात राहतात, एकत्र श्वास घेतात, एकत्र जन्मतात-मरतात, ही जिवाच्या सर्वांत खालच्या अवस्थेची कल्पना आहे. लेव्हनहुकनं १६७६ च्या सुमारास आपल्या भिंगाखाली जे बघितलं, ती दुसरी गोष्ट आहे. दोन्हीला एक केलं की आपण शास्त्रही नीट वाचत नाही आणि विज्ञानही. वर ‘आम्हाला आधीच माहीत होतं’ म्हटलं की पुढं काही करायचं राहत नाही. माहीत होतं ना, मग सांडपाण्याचं काय केलं? हा खरा प्रश्न असतो.

शास्त्रातलं जे कामाचं आहे ते वेगळं आहे. डोळ्यांना न दिसणारा जीवही जीव आहे, हे एक. जिवांना इंद्रियांची पायरी आहे, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत, हे दुसरं. आणि गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आहेत, हे तिसरं. ठरवून केलेली ती संकल्पी. ती गृहस्थानं पूर्ण सोडायची. घरकामातली आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली उद्योगी आणि स्वतःला वा दुसऱ्याला वाचवताना होणारी विरोधी, या तीन कमीत कमी करायच्या. फिनेल लावणं ही आरंभी हिंसा आहे. ती शून्य नाही, पण संकल्पीही नाही. म्हणून मुलीला उत्तर द्यायचं तर असं देता येईल: हो, त्यात जीव जातात. म्हणून लागेल तेवढंच लावायचं, आधी झाडून-पुसून घ्यायचं, आणि घाण मुळातच कमी करायची. बूट बुडवणं हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय, बुटाला चिखल घेऊन जायचाच नाही.

आणखी एक गोष्ट या ध्रुवीय पक्ष्यांनी शिकवली. ‘रोगजंतू’ हा शब्द आपण असा वापरतो, जणू काही जंतू जन्मतःच वैरी आहे. पण कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या पोटात बहुतेक वेळा निमूट राहतो. तिला काही होत नाही. माणसाच्या पोटात गेला की हगवण लावतो. आपल्याच आतड्यातला ई. कोलाय तिथं असतो तोवर बिनत्रासाचा. तोच लघवीच्या मार्गात गेला की बायकांना किती त्रास देतो, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना सांगायला नको. जंतू तोच, जागा बदलली. त्याच्याशी वैर धरण्यात काही अर्थ नाही. त्याची जागा राखली की बरंचसं काम होतं. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत, यामागचं शहाणपण हेच असावं.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. समजा, जंतू चुकीच्या विहिरीत गेला. आता काय? ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ म्हणून बघत बसायचं?

हिंदी महासागरात, भारताच्या खूप दक्षिणेला, अॅमस्टरडॅम नावाचं छोटं बेट आहे. फ्रान्सचं आहे. तिथं अल्बाट्रॉस घरटी करतात. त्यांतली एक जात तर जगात तेवढ्याच बेटावर वीण घालते. गेल्या काही दशकांत तिथल्या अल्बाट्रॉसची पिल्लं घरट्यातच मरू लागली. कारण निघालं पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा हा जंतू माणसांनी तळावर पाळलेल्या कोंबड्यांबरोबर आला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. उत्तर ध्रुवाकडे कॅनडाच्या ईस्ट बे बेटावर आयडर बदकांनाही याच रोगानं गाठलं. अंड्यांवरून उठायचं नाही म्हणून घट्ट बसलेल्या माद्या बसल्या जागीच मेल्या.

या जंतूचं नाव परकं वाटलं तरी धारवाडच्या गवळ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर म्हशीचा गळा सुजतो, ताप चढतो आणि एका-दोन दिवसांत जनावर जातं. तो घटसर्प. त्याचा जंतू हाच, पाश्चुरेला मल्टोसिडा, फक्त वाण वेगळा. ज्या धारवाडी म्हशीच्या दुधाचा पेढा आपण देवापुढं ठेवतो, तिला पावसाआधी लस टोचतात. मृदू मनाचा जैन शेतकरीसुद्धा त्याला नको म्हणत नाही. लुई पाश्चरनं १८७९-८० मध्ये प्रयोगशाळेत तयार केलेली पहिली लस याच जंतूची होती.

अॅमस्टरडॅम बेटावर संशोधकांनी तिथल्याच जंतूपासून लस बनवली आणि अल्बाट्रॉसच्या पिल्लांना टोचली. लस टोचलेली पिल्लं जास्त तगली. आता यावर कुणी म्हणेल, रानातल्या पक्ष्याला धरायचं, सुई टोचायची, हा त्याला त्रास नाही का? आहे. पण मला इथं आपल्याकडचं प्रायश्चित्त आठवतं. चूक झाली, तर नुसतं ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून भागत नाही. बिघडवलं ते शक्य तेवढं नीट करावं लागतं. टर्नबरोबर आपोआप आलेला रोग असता, तर हात लावायचा की नाही यावर मी खूप विचार केला असता. पण माणसाच्या कोंबड्यांनी दिलेला असेल, तर ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणं मला पळवाट वाटते. आपल्या हातून गेलेली जिवाणी आपणच परत आणायची असते, मग दोर कितीही लांब लागो.

उलटी गोष्टही घडलेली आहे, तीही सांगते. पेरू देशात सुमारे हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले, त्यांना क्षय झालेला होता. युरोपातली माणसं तिथं पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मग क्षय आला कुठून? २०१४ साली संशोधकांनी त्या हाडांतल्या जंतूचा वंश लावला, तो सीलमध्ये सापडणाऱ्या क्षयजंतूशी जुळला. समुद्र ओलांडून सीलनी तो नेला आणि सील खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांना तो लागला. म्हणजे आपण त्यांना देतो, ते आपल्याला देतात. कोण दोषी? त्या काळच्या पेरूच्या माणसांना काहीच माहीत नव्हतं. सीलला तर दोष देताच येत नाही. पण आज आपल्याला माहीत आहे. नकळत झालेली गोष्ट कळल्यानंतरही तशीच चालू ठेवली, तर तिथून प्रमाद सुरू होतो. ज्ञानानं पाप वाढतं असं नाही, सबब संपते.

आणि म्हणून मला आपल्या घरातला एक नाजूक विषय काढायचा आहे. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, लोकांनी ती ताडपत्री फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच. त्या गर्दीत आपल्या समाजाच्या बायका पुढं होत्या. टीव्हीवर एका बाजूनं ‘आमच्या धर्मावर घाला’ आणि दुसऱ्या बाजूनं ‘जैनांची कबुतरं’ असली चेष्टा. दोन्ही बाजूंनी भाषा समिती सुटली होती.

कबुतराला दाणे घालणाऱ्या बाईच्या मनातली दया खरी असते, यात मला शंका नाही. प्रश्न दयेचा नाही, समितीचा आहे. एकाच जागी रोज पोतीच्या पोती धान्य पडलं, की हजारो पक्षी तिथं दाटीवाटीनं येतात. त्यांची विष्ठा त्याच दाण्यावर पडते आणि तोच दाणा दुसरा पक्षी खातो. साल्मोनेलासारखे जंतू पसरतात ते असेच. म्हणजे आपल्या दाण्याचा पहिला बळी कबुतरच होऊ शकतं. सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन काहीजणांच्या फुप्फुसांना सूज येते. हा जंतुसंसर्ग नव्हे, शरीराची अॅलर्जी. पण वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली तर फुप्फुस कायमचं निकामी होऊ शकतं. सिटॅकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार मात्र जीवाणूचाच, आणि तो पक्ष्यांकडून माणसाला लागतो. दाणे घालणारी दहा मिनिटांत घरी जाते. ती जागा रोज झाडते ती सफाईवाली बाई. धूळ तिच्या छातीत जाते. ती पंचेंद्रिय नाही का? तिच्यासाठी आपण कधी ताडपत्रीपुढं उभं राहिलो?

आता यावर ‘मग काय पक्ष्यांना उपाशी मारायचं?’ असं विचारतात. रागानं नव्हे, काळजीनंच विचारतात. एका रात्रीत दाणा बंद करणं क्रूर आहे, हे मलाही मान्य आहे. सवय लावली आपण, ती मोडायची तर हळूहळू, जागा विखरून, प्रमाण कमी करत मोडायला हवी. उन्हाळ्यात पाण्याचं पसरट भांडं ठेवा, पण रोज घासून ठेवा. जखमी पक्षी सापडला तर त्याला दवाखान्यात न्या. दिल्लीच्या लाल मंदिरात आपल्याच समाजानं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय चालवलं आहे. गेली कित्येक दशकं तिथं आजारी पक्षी येतात, बरे होतात आणि उडून जातात. दया आणि समिती एकत्र नांदतात, हे त्यावरून दिसतं.

आपल्याच भागात दुसरं उदाहरण आहे. गदग जिल्ह्यात लक्ष्मेश्वरजवळ मागडीचं तळं आहे. लक्ष्मेश्वर म्हणजे जुनं पुलिगेरे, आपल्या शंख बस्तीचं गाव. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस या तळ्यावर उतरतात. २०२४ मध्ये या तळ्याला रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यांना कुणी दाण्याची पोती ओतत नाही. ते आसपासच्या शेतांत चरतात, तळ्यावर विसावतात, ऊन वाढलं की परत जातात. आपण त्यांच्यासाठी करायचं ते एवढंच, की तळं स्वच्छ ठेवायचं, मेलेलं जनावर किंवा कोंबड्यांची घाण त्यात टाकायची नाही, आणि जवळ जाऊन त्यांना उठवायचं नाही. लक्ष्मेश्वरच्या बस्तीला दर्शनाला जाणाऱ्यांनी थोडं पुढं जाऊन हे हंस लांबून बघावेत. न देता केलेली दया कशी दिसते, ते तिथं कळतं.

हा सगळा विचार करताना मला गुणव्रतांतलं पहिलं, दिग्व्रत, नव्यानं कळलं. अमुक दिशेला अमुक मर्यादेपलीकडे मी जाणार नाही, अशी प्रतिज्ञा. लहानपणी ते भाबडं वाटायचं. विमानाच्या जगात दिशांची मर्यादा कसली? पण त्यामागचं कारण बघा. मर्यादेपलीकडे मी गेलेच नाही, तर तिथल्या जिवांना माझ्याकडून अभय मिळतं. चातुर्मासात महाराज एका जागी राहतात, तेही याचसाठी. पावसात वाटेवर जीव फार असतात.

अंटार्क्टिका हे एका अर्थानं सगळ्या जगानं मिळून घेतलेलं दिग्व्रत होतं. ते आता सैल पडतंय. २०२३-२४ च्या एका हंगामात तिथं गेलेल्या पर्यटकांची संख्या एक लाखाहून जास्त होती. आता मराठी सहल कंपन्याही तिथं नेतात. ज्यांना जायचं त्यांनी जावं, बूट नीट बुडवावेत, नियम पाळावेत. मी कुणाला अडवणारी कोण? पण परवडतं म्हणून जायचं आणि जाण्याचं खरंच काही कारण आहे म्हणून जायचं, यात फरक आहे. विनाकारण घडणाऱ्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात, आणि तो टाळणं हे तिसरं गुणव्रत आहे.

जिला अंटार्क्टिकाला जायचंच नाही, तिनं काय करायचं? तिच्यासाठीही काम आहे. पेंग्विनच्या पोटातला जंतू औषधाला सरावला तो आपल्यासारख्याच घरांतून, कोंबड्यांच्या खुराड्यांतून आणि गटारांतून. म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांची गोळी दिली तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवायची नाही. उरलेली गोळी शेजारच्या वैनींना ‘मला यानं गुण आला’ म्हणून द्यायची नाही. जुन्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडायचं नाही. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागायचं नाही, कारण सर्दीचा विषाणू त्यानं मरत नाही. गल्लीतलं गटार कुठल्या नाल्याला मिळतं आणि नाला कुठल्या तळ्याला, हे एकदा विचारून घ्यायचं.

येत्या दशलक्षण पर्वात काय सोडायचं, याची चर्चा श्राविका मंडळात सुरू होईल. कुणी मीठ सोडेल, कुणी एकवेळचं जेवण. त्याबरोबर एक छोटं व्रत सुचवते. घरातून बाहेर जाणारं पाणी, औषध आणि उष्टं-खरकटं कुठं जातं, हे दहा दिवस रोज बघायचं आणि वहीत लिहायचं. मंडळात पंचवीसजणी असल्या तर दहा दिवसांत अख्ख्या गल्लीचा हिशेब निघेल. तो घेऊन नगरसेवकाकडे जाता येईल.